तिसऱ्या टेकडीवरचा खोडचढ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तर नाहीच. त्याला सांगितलं असतं तर चहाचा घोट घेत तो म्हणाला असता, "एवढंच? मला वाटलं काय झालं." आणि मला तेच नको होतं. एवढंसंच आहे ते, हे काय मला माहीत नाही? एका शब्दाचं तर आहे. पण तुम्ही निवांत बसला आहात, मध्येच उठून जाल असं वाटत नाही – तर सांगते. जरा आडवळणानं सांगेन. सरळ जायचा धीर अजून होत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी नागपूरहून थेट न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला आले. श्रीकांत तिथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. मी आले त्याच्या व्हिसाच्या शेपटाला धरून, म्हणजे मला तिथे राहायची परवानगी होती, पण कमवायची नव्हती. सकाळी तो लॅबला जायचा आणि मी खिडकीला. खाली पार्किंग लॉट, त्यात बर्फाखाली ओळखू न येणाऱ्या गाड्या. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या मुलीला बर्फाचं कौतुक असून असून किती दिवस असणार? ते ओसरल्यावर लक्षात आलं की इथे आवाजच नाहीत. भाजीवाल्याची आरोळी नाही, शेजारणीची हाक नाही, शिट्टी झाली तर ती आपल्याच कुकरची. लहानपणापासून मी गाणं शिकलेली. माझे कान उपाशी होते असं म्हटलं तर हसू नका.

एक दिवस कॅम्पसवर श्रीकांतची वाट बघत उभी असताना एका बोर्डावर चिठ्ठी दिसली. पक्ष्यांच्या टेप ऐकायला माणसं हवी आहेत, पगार मिळणार नाही. ऐकून घेणारं माणूस सगळ्यांनाच हवं असतं, पण तसं बोर्डावर लावलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मी आत गेले.

तळघरातली खोली होती. भिंतीला ब्राझीलचा मोठा नकाशा, टेबलावर चकत्यांचं टेप मशीन, आणि त्यामागे जाड स्वेटर घातलेले म्हातारे प्रोफेसर. त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवला, एक पक्षी ऐकवला आणि विचारलं, काय ऐकलंस? माझं इंग्रजी तेव्हा पुस्तकी होतं, तोंडातून निघायचं नाही. काय सांगू? मी गाऊन दाखवलं. वरच्या षड्जावर जरा थांबून, मग नी, ध, प, म असे जवळजवळचे सूर झरझर उतरत खाली गंधारावर येऊन विरणारे. अगदी छोटी उतरती तान. प्रोफेसरांनी खुर्ची मागे सरकवली. वयामुळे त्यांच्या कानांतून उंच सूर निघून गेले होते, हे मला नंतर कळलं. ज्या पक्ष्यावर त्यांनी आयुष्य घालवलं त्याचं गाणं त्यांना वरच्या अर्ध्या भागात ऐकूच येत नव्हतं. त्या दिवशी एका नऊवारी नेसणाऱ्या आजीच्या नातीनं स्वेटरवर साडी नेसून त्यांना ते गाऊन दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून मी तिथलीच झाले.

त्या दुपारी – मला अजून त्यांची स्वप्नं पडतात. बाहेर बर्फ पडतोय, रेडिएटर खळखळतोय, आणि कानांत पहाटेचं ओलं जंगल. पानांवरून टपकणारं पाणी. लांब कुठेतरी माकडांचा गलका. बेडूक. मग एकेक करून पक्षी जागे होतात, आणि मधूनच ती उतरती तान. डोळे मिटले की मी पिस्कॅटवेत नसायची. नागपुरातही नसायची. जिथे कधी जाणार नव्हते अशा झाडांखाली उभी असायची. घरी येऊन पोळ्या लाटताना कानांत पाणी टपकत राहायचं, आणि श्रीकांत म्हणायचा, "अगं, कुठे आहेस?" खरंच कुठे होते मी?

पक्षी दिसायला अगदीच साधा. प्रोफेसरांनी फोटो दाखवला तेव्हा मी म्हटलं, हा? तपकिरी, एक रंग म्हणून धड नाही, चोच लांब आणि खाली वळलेली. शेपटीची पिसं टणक, त्यांच्यावर अंगाचा भार टाकून तो झाडाच्या बुंध्यापासून गोल गोल वर चढत जातो, सालीत चोच घालून किडे काढतो, शेंड्यापर्यंत पोचला की झेपावून दुसऱ्या झाडाच्या पायथ्याशी येतो, आणि पुन्हा चढायला सुरुवात. दिवसभर हेच. त्याला मराठीत नाव असण्याचं कारणच नव्हतं, म्हणून मी ठेवलं – खोडचढ्या. जुनी जाड झाडं लागतात त्याला. उघड्या जमिनीवरून तो उडत नाही. दोन जंगलांच्या मध्ये ऊस लावला की त्याच्यासाठी ते दोन वेगळे देश, व्हिसाशिवायचे.

नाव ठेवताना मला गंमत वाटली होती. झाडाचं ते खोड, आणि माणसाची ती खोड. माझीही एक खोड होती, तीही आता सांगून टाकते. मला 'नाही' म्हणता यायचं नाही. आमच्या घरात मोठ्यांना नाही म्हणत नसत. काका विचारोत, मास्तर विचारोत, मुलगा बघायला आलेली माणसं विचारोत, आपलं 'हो'. मला वरण आवडत नाही हे सासूबाईंना माझ्या लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं. सगळे मला गुणी म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

आता इनेसबद्दल. तिच्याशिवाय या गोष्टीला अर्थ नाही.

इनेस ब्राझीलची, प्रोफेसरांची विद्यार्थिनी. माझ्याच वयाची, आखूड केसांची, हसली की सगळे दात दाखवणारी. तिचंही इंग्रजी माझ्यासारखंच ठेचाळत चालायचं, म्हणून आमचं छान जमलं. माझे कांदेपोहे ती डब्याच्या झाकणात घेऊन हातानं खायची आणि म्हणायची, "विजी, धिस इज फूड. दे हॅव ओन्ली सँडविच." विजया म्हणायला तिला जड जायचं. त्या सगळ्या टेप तिनंच आणलेल्या. खोडचढ्याची ही जात ब्राझीलच्या ईशान्येला उरली होती फक्त काही टेकड्यांवर, कारण खालचं सगळं जंगल तोडून ऊस झाला होता. नकाशावर अशा तीन टेकड्या होत्या. पहिलीवर तो होता, तिथे हिरवी टाचणी. दुसरीवर होता, तिथे दुसरी टाचणी. तिसऱ्या टेकडीवर इनेस आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहिली, पहाटे उठून कान लावून बसली, आणि परत येऊन म्हणाली – तिथे आता तो नाही. गेला.

हे इतकं महत्त्वाचं का होतं, ते सांगते. जगभरच्या धोक्यातल्या पक्ष्यांची एक यादी तेव्हा तयार होत होती, आणि या पक्ष्याबद्दल काय लिहायचं हे प्रोफेसर ठरवणार होते. दोनच टेकड्यांवर उरला असेल, तर तो मोठ्या संकटात. मग दुसऱ्या टेकडीचं जंगल, जे सर्वांत दाट होतं आणि ज्याच्यावर तिथल्या ऊसवाल्याचा डोळा होता, ते वाचवायला इनेसच्या हातात काहीतरी असणार होतं. तिसऱ्या टेकडीवरही असेल, तर विरळ आहे, पण तूर्त काळजी नाही. एवढाच फरक. त्याच्यावर ते सगळं जंगल उभं होतं.

त्या हिवाळ्यात इनेस पुन्हा ब्राझीलला गेली, आणि तिसऱ्या टेकडीच्या टेप शेवटचं एकदा तपासायचं काम माझ्याकडे आलं. प्रोफेसरांना खात्री करून घ्यायची होती. टेपमध्ये ओढ्याचा खळाळ इतका, वर पाऊस, की आवाज कागदावर उमटवणाऱ्या मशीनवर नुसतं काळं फासलं जायचं. कानांशिवाय इलाज नव्हता. कान म्हणजे माझे.

दुपार होती. बर्फामुळे खिडकीत पांढरा उजेड. मी ऐकत होते, पाऊस, ओढा, पाऊस – आणि खरं सांगू का, मी ऐकत नव्हते. माझी तंद्री लागली होती. त्या पाण्यात मी केव्हाच वाहून गेले होते. कुठल्या तरी झाडाखाली उभी होते, अंगावर थेंब पडत होते, आणि फार बरं वाटत होतं. पक्षी नव्हता. एवढं मात्र नक्की. तो असता तर मला झोपेतही कळला असता. आणि मध्येच प्रोफेसरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, एका कानावरचा हेडफोन अलगद उचलला आणि विचारलं, "डोन्ट यू हिअर हिम?"

मी म्हटलं, "येस."

आता बघा. आई विचारते, 'अजून जेवली नाहीस ना?' आपण काय म्हणतो? 'हो ना.' म्हणजे हो, नाही जेवले. तू म्हणतेस ते बरोबर आहे. प्रोफेसर विचारताहेत, ऐकू येत नाही ना? मी म्हटलं, हो. येत नाही. माझ्या जिभेवर इंग्रजी शब्द होता, पण त्याच्या मागे मराठी होती. इंग्रजीत त्याचा अर्थ बरोबर उलटा होतो हे मला कोण सांगणार? मला वाटलं, झालं काम. मी पुन्हा डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा प्रोफेसर नकाशासमोर उभे होते. तिसऱ्या टेकडीवर हिरवी टाचणी टोचत होते. मागे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरून आलेले. "ही इज देअर," ते म्हणाले. "तो आहे. तो अजून आहे." आणि मला माझी चूक लख्ख कळली. त्याच क्षणी कळली, नंतर नाही. टाचणी अजून त्यांच्या बोटांत होती म्हटलं तरी चालेल. नुसतं 'नो' म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि तिसऱ्या टेकडीवरून जो पक्षी गेला असं मानून ते म्हातारे होत चालले होते तो परत मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला – आणि तोंड मिटलं. उद्या सांगू, असं मनात म्हटलं.

उद्या त्यांनी केक आणला होता.

तुम्हाला माहीत आहे पुढे काय होतं ते. एकदा केक कापला की कसं सांगणार? मग डिपार्टमेंटमधल्या दुसऱ्या प्रोफेसरांशी माझी ओळख करून दिली गेली. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुमुदकाकूंकडे, म्हणजे पिस्कॅटवेतल्या आम्हा सगळ्या मराठी सुनांच्या मानलेल्या सासूबाईंकडे, श्रीकांतनं भर बैठकीत जाहीर केलं, "अहो काकू, आमच्या हिनं पक्षी डिस्कव्हर केला, ज्याला सगळे एक्स्टिंक्ट समजत होते." काकू म्हणाल्या, "अगं बाई, मग पेपरात नाव येणार की हिचं." त्यांची मुलगी इंग्रजीत विचारायला लागली, इट्स नेम्ड आफ्टर यू? मी तिळगूळ वाटत होते. मी हसले. तोवर त्या घरात मी 'श्रीकांतची बायको' होते, जिला इंग्रजी बोलता येत नाही ती. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा विजया झाले. मला ते आवडलं. फार आवडलं, तुम्हाला काय सांगू. आणि प्रोफेसर माझ्यासाठी पगाराची जागा मागणार होते, व्हिसाचं बघतो म्हणाले होते. त्या तळघरातल्या दुपारी कायमच्या माझ्या होणार होत्या.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, भाषेची चूक झाली, नवीन मुलगी, बावरली, होतं असं. मीही मला बरीच वर्षं हेच सांगितलं. पण मी सांगायला बसले ते हे नव्हे. याच्यापुढे आहे ते.

बर्फ वितळायला लागला तेव्हा इनेस परत आली. उन्हानं रापलेली, हातांवर डास चावल्याच्या खुणा. नकाशावरची तिसरी टाचणी तिनं पाहिली. मग माझ्याजवळ येऊन खुर्ची ओढून बसली. तिला राग आलेला नव्हता. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, तिच्या त्या मोडक्या इंग्रजीत, की मी इतके दिवस तिथे होते, मला कसा ऐकू आला नाही? आणि मग, "यू शो मी, विजी. आय वॉन्ट टु लर्न."

शिकायचं होतं तिला. माझ्याकडून.

तिनं ती टेप लावली. एक हेडफोन तिच्या कानांवर, एक माझ्या. तोच ओढा, तोच पाऊस. मला वाटलं, आता. आता इनेसला सांगता येईल, ती मैत्रीण आहे, ती हसेल, आपण दोघी मिळून प्रोफेसरांना सांगू. तिनं मला या वेळी सरळ प्रश्न विचारला होता, त्यात नकाराचा गुंता नव्हता, भाषेचा नव्हता, कसलाच नव्हता. तू ऐकलास? कुठे? टेप चालत होती. पानांखाली एक बेडूक दोनदा ओरडला आणि गप्प झाला.

मी बोट वर केलं. "हिअर," मी म्हटलं.

ती म्हणाली, पुन्हा लाव. पुन्हा लावली. तिला काही ऐकू आलं नाही, कारण तिथे काही नव्हतंच. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी गायले. अगदी हळू, तिच्या कानाशी, वरच्या षड्जावरून ती तान उतरले, बरोबर बेडकाच्या आवाजाच्या वेळी, पावसाच्या लयीत मिसळून. एकदा. मग टेप मागे घेऊन पुन्हा एकदा. गाणं शिकलेल्याला हे ठाऊक असतं की एखादा सूर कानात पक्का भरला की तो पंख्यातही ऐकू येतो, नळाच्या पाण्यातही. मला ते ठाऊक होतं. तिसऱ्या वेळी मी गायले नाही, नुसती टेप चालवली. इनेसनं डोळे मिटले. आणि म्हणाली, "येस... येस, मेबी."

तिला ऐकू आला. मी तिच्या कानात घातला होता तो.

हेच ते. ही माझी करणी. एक शब्द चुकला तो चुकला, पण तिचे कान मी फिरवले, जाणूनबुजून, आणि ज्या सुरांचा मला अभिमान होता त्याच सुरांनी. ज्यांनी मला गाणं शिकवलं त्या बाईंनी तंबोऱ्यासमोर बसवून जे दिलं होतं, ते मी यासाठी वापरलं.

त्यानंतर इनेस बदलली. भांडली नाही, रडली नाही. पण प्रत्येक टेप आधी मला द्यायला लागली. आधी तिला काही ऐकू आलं की ती बोट उंचावून सांगायची, आता माझ्या तोंडाकडे बघायची. "विजी, इज इट?" मी हो म्हटलं की हो, नाही म्हटलं की नाही. जंगलात वाढलेली मुलगी ती, आणि नागपूरच्या महाल भागात वाढलेल्या मुलीला विचारत होती. प्रोफेसर चांगले गृहस्थ होते, पण स्वतःच्या टेपवरचा पक्षी जिला ओळखता आला नाही तिचा शब्द ते पूर्वीसारखा कसा धरणार? पुढच्या फेरीला दुसऱ्याच विद्यार्थ्याला पाठवायचं ठरलं. यादीत लिहून गेलं, विरळ, तूर्त काळजी नाही. इनेस परत ब्राझीलला गेली ती कायमची. जाताना तिनं तिचा हेडफोन मला दिला, चांगल्यातला, तिनं पैसे साठवून घेतलेला. म्हणाली, तुझ्या कानांवर शोभतो. मी घेतला. आमच्या कपाटात अजून आहे तो, वरच्या फळीवर. श्रीकांतला वाटतं मी तो त्या तळघरातल्या कामाची आठवण म्हणून ठेवलाय.

मला पगाराची जागा मिळाली. तेही सांगायला हवं.

दोन-तीन हिवाळे गेले असतील. एका दुपारी मी खोलीत आले तर प्रोफेसर नकाशासमोर खुर्ची टाकून बसलेले. दुसऱ्या टेकडीवरची टाचणी त्यांच्या तळहातावर होती. जंगल तोडलं गेलं होतं, सगळं, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. ऊसवाल्यानं तिथल्या सरकारला यादीच दाखवली होती म्हणे, पक्षी दुसरीकडेही आहे, मग इथे अडवता कशाला? प्रोफेसर म्हणाले, नशीब, तिसरी टेकडी आहे. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कृतज्ञतेनं. ऊसवाल्यानं जंगल तसंही तोडलं असतं, असं माझ्या मनात आलं. लगेच आलं. ते मनात येणं किती सोयीचं होतं हेही त्याच वेळी कळलं. नकाशावर आता दोनच टाचण्या राहिल्या होत्या. एका जागी पक्षी होता. दुसऱ्या जागी मी टोचलेली टाचणी होती.

तेव्हाही मी बोलले नाही. प्रोफेसर पुढच्या वर्षी वारले. तिसऱ्या टेकडीवर तो आहे या समाधानात वारले. ते समाधान मी त्यांना दिलं असं म्हणण्याचा मोह होतो कधीकधी, नाही असं नाही.

आता राहिला फोन.

ते दशक संपत आलं होतं. रविवार सकाळ होती, मी थालीपिठं थापत होते. श्रीकांतनं फोन घेतला आणि रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाला, "कोणी इनेस म्हणून आहे. ओळखतेस का तू?" मी पिठाच्या हातानंच रिसीव्हर घेतला.

लांबचा आवाज, मध्ये खरखर. तिला प्रोफेसर गेल्याचं उशिरा कळलं होतं. ती आता तिच्या गावात शाळेत शिकवत होती. मुलांना जंगलात नेते म्हणाली, पोह्यांची आठवण काढली, हसली. मग म्हणाली की दर सुट्टीत ती तिसऱ्या टेकडीवर जाते. तंबू घेऊन, एकटी. पहाटे ओढ्याकाठी बसते. दुसरी टेकडी तर गेली, म्हणाली, मग तिसऱ्या टेकडीवरच्याला तरी शोधायला हवं, तो सापडला तर ते जंगल वाचवता येईल. अजून सापडलेला नाही. इतक्या पहाटा ती बसली होती – मी जिथे ठेवला होता तिथे त्याला शोधत.

खरखर ऐकू येत राहिली. आणि तिनं विचारलं, अगदी मऊ आवाजात, जणू उत्तर तिला माहीत आहे आणि मी ते म्हटलं तरी ती रागावणार नाही. "विजी. यू डिड नॉट हिअर हिम, डिड यू?"

तुला तो ऐकू आला नव्हता, ना?

एवढ्या वर्षांत माझं इंग्रजी उत्तम झालं होतं. गाडी चालवताना समोरच्याला शिव्याही इंग्रजीत घालत होते. नकारार्थी प्रश्नाला आपल्या कानानं 'हो' म्हणजे काय आणि त्यांच्या कानानं काय, हे मला आता कोणी सांगायची गरज नव्हती. त्या एका शब्दात खरं आणि खोटं दोन्ही मावतं, हे जितकं मला ठाऊक होतं तितकं क्वचितच कुणाला असेल. आणि म्हणूनच मी तो निवडला. मराठीत मी तिला खरं सांगणार होते, तिला मात्र ते कळणार नव्हतं. मला दोन्ही हवं होतं.

"येस," मी म्हटलं.

ती मग म्हणाली, "ओके. देन आय गो अगेन इन जुलै." जुलैत तिच्या शाळेला सुट्टी असते.

मी म्हटलं, "टेक केअर." फोन ठेवला, हात धुतले, आणि तव्यावरचं थालीपीठ उलटलं.

त्या टेकडीवर तो नव्हता, इनेस. मला तो ऐकू आला नव्हता.